दारातला माणूस



विषय कळवा म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी 'दार' असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आध्यात्मिक अर्थानं का?" म्हटलं, नाही हो, साधं दार. कडी-कोयंड्याचं. घरोघरी जाऊन ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्या माणसाचं आज त्या दारात काय होतं, यावर बोलायचं आहे. पुन्हा शांतता. "सर, वादग्रस्त काही होणार नाही ना?" अर्धं व्याख्यान त्यांनी तिथेच देऊन टाकलं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते गुरुजी ख्रिस्ती नव्हते. देवाधर्माच्या बाबतीत ते, त्यांच्याच शब्दांत, 'रजेवर' होते. पण त्यांच्या ओसरीवर कोण येत नसे? भूदानवाले येत, पुस्तकविके येत, नंदीबैलवाला येई, आणि पांढरं लुगडं नेसलेली, काखेत कापडी पिशवी अडकवलेली एक बाई येई. ती माझी आजी. नेवासे तालुक्यात मिशनच्या पगारावर ती बायबलबाई म्हणून काम करायची. पगार किती, हे सांगण्यासारखं नाही. तिच्याकडे एक वही होती, तिच्यात मिशननं आखून दिलेले रकाने: गाव, घरं, ऐकणाऱ्या बाया, विकलेली पुस्तकं. दर महिन्याच्या शेवटी आजी ते रकाने भरायची आणि भरताना कुरकुरायची. मला तिचं कुरकुरणं तेव्हा कळत नव्हतं.

आमची घरं मूळची महारवाड्यातली. आजोबांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला तरी गावच्या लेखी आम्ही होतो तिथेच होतो. त्यामुळे 'घरोघरी' हा शब्द आजीच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. गावात सगळी दारं एका रांगेत नव्हती. काही दारांच्या अंगणापर्यंत जायचं, काहींच्या मागल्या परड्यात थांबायचं, काहींच्या वाटेलाही जायचं नाही. आणि तरीही आजीची एक पद्धत होती, ती तिनं आयुष्यभर मोडली नाही. दाराशी गेल्यावर पहिल्यांदा ती येशूचं नाव काढायची नाही. म्हणायची, "माय, पानी मिळंल का?"

आता याचा अर्थ नीट बघा. वरच्या आळीतल्या घरात महारवाड्यातल्या बाईनं पाणी मागायचं, म्हणजे घरातल्या बाईला लगेच काहीतरी ठरवणं भाग. वरून ओंजळीत ओतायचं? फुटका पेला द्यायचा? नाहीच म्हणायचं? की इकडे-तिकडे बघून धड तांब्या पुढे करायचा? आजी सांगायची, हा निर्णय होईपर्यंत मी गप्प उभी राहायची. पाणी मिळालं तर बसायची, आणि बसल्यावर अजून काही मागायची. जात्यावरची ओवी. पोराच्या खोकल्यावर काय करता, ते. सुवार्ता आलीच तर शेवटी यायची, कधी पुढच्या खेपेला, कधी नाहीच. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. विहिरीवर येशू तिच्याकडे पाणी मागतो, आणि यहुदी असून हा आपल्याकडे कसं मागतो म्हणून ती चकित होते. तिथे वरचा खालच्याकडे मागतो. आजीनं तीच गोष्ट उलटी करून गावात नेली होती. हे तिनं कुठल्या पाठशाळेत शिकलं असेल असं मला वाटत नाही.

मला आज एवढंच मांडायचं आहे की दारात उभा असलेला माणूस मागायला आलाय की द्यायला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आपल्याकडे दारात येणारे बहुतेक मागणारेच होते. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, गोंधळी, पिंगळा, माधुकरी मागणारा विद्यार्थी. देवाचं नाव ते घेतात, पण सूप पुढे आल्यावर. घरधनी दाता, दारातला याचक. विनोबासुद्धा जमीन मागत फिरले. सुवार्तिक येतो तो मात्र द्यायला. शिवाय देतो ते काय, तर सत्य. म्हणजे ज्याच्या दारात उभा आहे त्याच्याकडे ते नाही, हे गृहीत. घरधन्याला राग येतो तो इथे. पुष्कळदा त्याला धर्माचं काही पडलेलं नसतं. आपल्याच उंबऱ्यावर आपण एकाएकी गरजू ठरलो, हे त्याला सोसत नाही.

गंमत म्हणजे मूळ हुकूम तसा नव्हताच. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. पिशवी नको, पैसा नको, वहाणाही नकोत. म्हणजे त्यांना मागणं भागच. ज्या घरात घेतील त्या घरात राहा, पुढे ठेवतील ते खा. आणि पुढे स्पष्ट सांगितलंय की या घरातून त्या घरात फिरू नका! घरोघर प्रचाराचं समर्थन करताना पौलानं घरोघरी शिकवलं त्याचा दाखला देतात, तो खराच आहे. पण लूकमधलं हे वाक्य प्रवचनात मी फारसं ऐकलेलं नाही. घेतलं नाही तर काय करायचं, तेही सांगितलंय. पायाची धूळ झटका आणि निघा. 'नको' ऐकायची सोय पहिल्या दिवसापासून केलेली होती.

आता थोडा इतिहास. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले. कंपनी सरकारनं त्यांना परत पाठवायचे हुकूम काढले. अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं, आणि धर्मप्रचारानं व्यापाराला धक्का लागेल ही धास्ती जुनीच होती. म्हणजे या अमेरिकन मिशनला पहिलं दार बंद केलं ते ख्रिस्ती सरकारनं. पुढे परवानगी मिळाली. हॉल तेरा वर्षं मुंबईत आणि गावोगाव फिरले. १८२६ मध्ये नाशिककडे पुस्तकं वाटत असताना पटकीची साथ भेटली. जवळचं औषध ते आजाऱ्यांना देत सुटले. परतीच्या वाटेवर रात्री एका देवळाच्या ओसरीत मुक्काम केला, तिथेच त्यांना पटकी झाली आणि ते गेले. द्यायला आलेल्या माणसाला शेवटची रात्र काढायला जागा मागावी लागली ती देवळाच्या ओसरीत. मला हॉल या एका रात्रीमुळे जवळचे वाटतात.

आणि एवढ्या दारांतून निघालं काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, शंभरात एकही पुरता नाही. त्यातही वसईचे, मुंबईचे ईस्ट इंडियन आणि गोव्याकडून आलेले कॅथलिक बाजूला काढले, की मिशननं मिळवलेले आम्ही फारच थोडे. आमच्यातले बरेच जण एकेका दारातून आलेले नाहीत. वाड्याच्या वाड्या आल्या, बरेचदा दुष्काळाच्या मागेपुढे, आणि 'धान्यावरचे ख्रिस्ती' हा टोमणा आम्ही शाळेत ऐकत मोठे झालो. त्या टोमण्यात खोटं किती आणि खरं किती, यावर आमच्या घरातही भांडणं झालेली आहेत. उपाशी माणसानं धान्य देणाऱ्याकडे बघून त्याच्या देवाचा विचार केला, तर त्यात लाज वाटण्यासारखं काय, असं आजोबा विचारत. आजी गप्प बसायची.

आमचे सगळ्यात मोठे कवी ना. वा. टिळक, तेही दारभेटीतून आलेले नव्हेत. नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली, त्यानं नवा करार हाती दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. डब्यात दोघेही प्रवासी, घर कुणाचंच नाही. आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं धर्मांतर तर कुणीही कुणाचं दार न ठोठावता झालं. बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली १९३५ साली. पुढची एकवीस वर्षं सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्या दाराशी येऊन गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक आपल्या पायांनी चालत आले. घरोघर प्रचाराचं शास्त्र शिकवणाऱ्यांनी या तारखेपाशी थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

त्या शास्त्राचं टोक गाठलं यहोवाच्या साक्षीदारांनी. आमच्या मंडळ्या त्यांना ख्रिस्ती मानायला कां-कूं करतात, तो वाद आज नको. दारावर जाण्याची चिकाटी मात्र त्यांच्यासारखी कुणाचीच नाही. १९३०-४० च्या दशकांत त्यांचे प्रचारक उचलून न्यायचा फोनोग्राफ घेऊन दारोदार जात. घरधन्याला आधी एक छापील कार्ड वाचायला द्यायचं, मग चावी देऊन तबकडी लावायची, की अध्यक्ष रदरफोर्ड यांचं भाषण सुरू. प्रचारकाला बोलायचीही गरज नाही! १९३८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी, जवळजवळ सगळ्या कॅथलिक वस्तीत, जेसी कँटवेल या तरुणानं रस्त्यावर दोघांना विचारून अशी तबकडी लावली. तीत कॅथलिक चर्चला शिव्याशापच होते. ऐकणारे कॅथलिक. मारायचंच काय ते बाकी राहिलं. अटक झाली, आणि १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कँटवेलच्या बाजूनं निकाल दिला. निकाल योग्यच होता. पण फोनोग्राफचं मला वेगळंच काही खटकतं. त्याला पाणी मागता येत नाही, आणि 'नको' ऐकू येत नाही. आज मोबाइलवर सकाळी सहाला येऊन पडणारं वचन-चित्र ही त्याच तबकडीची नात.

साक्षीदारांच्याच २०१९ च्या अहवालात प्रचाराचे तास दिलेत: दोनशे कोटींहून जास्त. त्या वर्षी बाप्तिस्मे तीन लाखांच्या थोडे वर. मी हिशेब केला. एका बाप्तिस्म्यामागे जवळजवळ सहा हजार नऊशे तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर सुटी न घेता दोन वर्षं आणि वर चार महिने. त्यात त्यांच्या स्वतःच्या घरातली मुलंही आली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे त्यांनी दारावर जाणं थांबवलं ते १ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा सुरू केलं. आणि नोव्हेंबर २०२३ पासून साध्या प्रचारकानं तास मोजून कळवायची सक्ती काढून टाकली. हे वाचलं तेव्हा मला आजीचे रकाने आठवले. ती का कुरकुरायची, ते साठ वर्षांनी कळलं. पाण्याला रकाना नव्हता.

इथवर सुवार्तिकाला बोललो. आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण दारात दोघंच असावेत असं मला वाटतं आणि आजकाल तिथे गर्दी फार आहे.

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर सितिया नावाचं गाव आहे. तिथल्या मिनोस कोक्किनाकिस या व्यापाऱ्यानं १९३६ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांचा पंथ धरला. दुसऱ्याचा धर्म बदलायचा प्रयत्न हा तिथे १९३८ पासून गुन्हा. या माणसाला जन्मात साठाहून जास्त वेळा अटक झाली. २ मार्च १९८६ ला म्हातारा आणि त्याची बायको गावातल्या एका बाईच्या घरी गेले. चांगली बातमी आणलीय म्हणाले, तिनं आत घेतलं. दोनच दिवसांपूर्वी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खून झाला होता. बोलणं तिथून सुरू झालं.  मग पुस्तक निघालं. बाईचा नवरा गावच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधला गायक. त्यानं पोलिसांना कळवलं. खालच्या कोर्टानं नवरा-बायको दोघांना चार-चार महिने शिक्षा दिली. अपिलात बायको सुटली, म्हाताऱ्याची तीन महिन्यांवर आली. खटल्यात त्या बाईनं सांगितलं की त्या बोलण्यानं माझ्या श्रद्धेत काही फरक पडला नाही. न्यायाधीशांचा तिच्यावर विश्वास बसला नाही! तिला अनुभव नाही, तिचं मन कमकुवत, असं त्यांनी ठरवून टाकलं. २५ मे १९९३ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ग्रीसला दोषी धरलं. धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा भंग झाल्याचा त्या न्यायालयाचा तो पहिलाच निकाल. पण मला निकालापेक्षा त्या बाईत रस आहे. म्हाताऱ्यानं आपलं ज्ञान तिच्यापुढे ओतलं, नवऱ्यानं तिच्या वतीनं पोलीस बोलावले, कोर्टानं तिच्या वतीनं तिचं मन जाणलं. तिला स्वतःला तोंड होतं, याची दखल कुणी घेतली?

याच्या उलट १९४३ चा एक अमेरिकन निकाल. ओहायोतलं स्ट्रदर्स हे पोलाद कामगारांचं गाव. पुष्कळ लोक रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून पत्रकं वाटायला घंटा वाजवणं गावानंच बंद केलं होतं. एका साक्षीदार बाईला दहा डॉलर दंड झाला. न्यायालयानं निकाल फिरवला. सार असं, की दार उघडायचं की नाही हे घरधनी ठरवील, गाव नाही. त्यानं 'येऊ नका' अशी पाटी लावली आणि तरीही कुणी घंटा वाजवली, तर जरूर दंड करा. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. 'नको' म्हणायचा हक्क त्यानं झोपलेल्या कामगारालाच दिला.

आता आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी या. पाटी आहे: विक्रेते, सर्वेक्षणवाले व धर्मप्रचारक यांना सक्त मनाई. ती कमिटीनं लावली, मला कुणी विचारलं नाही. पाहुणा आला की वॉचमन मोबाइलवर नोंद करतो, माझा फोन वाजतो. त्यात रकाने आहेत: पाहुणा, डिलिव्हरी, टॅक्सी, कामवाली. देवाचं नाव घेऊन येणारा कुठल्या रकान्यात टाकायचा? आजीच्या काळी महारवाड्याचं दार वेगळं होतं, आता सोसायटीत सगळे दरवाजे एकाच सागवानी रंगाचे. समता आली ती फाटकाच्या आत. फाटकावर अजूनही आडनाव विचारतातच.

आणि कायदा. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत 'प्रचार' या एका शब्दावर वाद झाला. लोकनाथ मिश्रा यांना तो नको होता. मुन्शी आणि कृष्णम्माचारी, दोघेही हिंदू, त्या शब्दाच्या बाजूनं बोलले आणि तो पंचविसाव्या कलमात राहिला. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आपल्या धर्माची तत्त्वं सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. धर्मांतराला आळा घालणारा ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा टिकला. जबरदस्ती आणि फसवणूक यांना बंदी हवी, यावर माझा वाद नाही. पण उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात 'प्रलोभना'ची व्याख्या वाचा. भेटवस्तू, नोकरी, मोफत शिक्षण यांच्याबरोबर चांगल्या जीवनाची आशा आणि देवाची अवकृपासुद्धा त्यात आहे. म्हणजे देव कोपेल असं म्हणणंही प्रलोभन! आमच्या आळीतल्या सगळ्या आज्या तुरुंगात गेल्या असत्या. ज्याला धर्म बदलायचा आहे त्यानं साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. घराच्या आत कुणाच्या मनात काय हललं, हे आधी कचेरीत.

कायद्याहूनही अवघड आहे ते टोळकं. घरातली आजारी बाई म्हणते प्रार्थना करा, सुवार्तिक डोळे मिटतो, आणि दारात दहा जण मोबाइल रोखून उभे. घरमालकिणीला कुणी विचारत नाही, तिला कोण हवं, कोण नको. सितियातला तो नवराच, पण आता घराबाहेरचा.

तरीही आमच्या माणसांना मी एक गोष्ट ऐकवणारच. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन चाऊ नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर सुवार्ता घेऊन गेला आणि मारला गेला. सरकारनं बंदी केलेली. बाहेरच्या साध्या सर्दीनंही ते लोक मरू शकतात. आणि बाणांनी 'नको' म्हणणं त्यांनी कधीचंच सुरू केलं होतं. काही प्रार्थनासभांत त्याला हुतात्मा म्हटलं गेलं. मला त्या मुलाच्या आईवडिलांचं वाईट वाटतं. पण त्याच्या आधी मला त्या किनाऱ्यावरच्या माणसांची भीती कळते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दाराची घंटा वाजली. दोन मुलं, विशी-बाविशीतली, वरच्या मजल्यावरच्या कुणाचे तरी 'पाहुणे' म्हणून आत शिरलेली आणि आता जिन्यानं एकेक दार करत उतरणारी. हातात टॅबलेट. थोरल्यानं सुरुवात केली, "काका, आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाणार, याची खात्री आहे?" म्हटलं, आत या, मी ख्रिस्तीच आहे, चौथ्या पिढीचा. त्यानं चर्च विचारलं. सांगितलं. तर म्हणाला, मग तान्हेपणी पाणी शिंपडलेलं असणार, तो बाप्तिस्मा चालत नाही, पूर्ण बुडवून घ्यायला पाहिजे. आमच्या जुन्या मंडळ्यांतला हा रोजचा त्रास आहे. नवे सुवार्तिक नव्या दारांना घाबरून आमच्याच दारांवर येतात. आमचे पाळक त्याला मेंढरं पळवणं म्हणतात. मी वाद घालायच्या तयारीत होतो. टॅबलेटवर चित्रफीत सुरू झाली, ती थांबवायलाही कुणी विचारेना. फोनोग्राफच की हा, असं मनात आलं.

धाकटा मघापासून चुळबूळ करत होता. शेवटी तो थोरल्याकडे न बघता हळूच म्हणाला, "काका, तुमचं बाथरूम वापरू का? सकाळी सातपासून... खाली वॉचमन जाऊ देत नाही."

थोरला ओशाळला. मी दार दाखवलं. धाकटा तोंड धुऊन बाहेर आला, पंख्याखाली बसला. नवापूरकडचा निघाला. घरी मावची बोलतात म्हणाला, मराठी शाळेत शिकलेली. आई भात लावायला जाते, यंदा लावणी त्याच्यावाचून झाली. थोरल्यानं यादी पाहिली, आठ फ्लॅट राहिले होते. मी आतून तांब्या-भांडं आणलं. चित्रफीत संपून टॅबलेट काळा पडला होता, तो कुणी परत लावला नाही. धाकट्यानं एका दमात भांडं रिकामं केलं आणि पुढे केलं.

"काका, अजून थोडं मिळेल?"